उशिरा आलेल्या जर्नलचे पाच मार्क

आमच्या बायोलॉजीच्या सरांचा नियम सगळ्या कॉलेजला पाठ होता. जर्नल, म्हणजे वर्षभराच्या प्रयोगांची वही, जमा करायच्या दिवशी दुपारी बाराच्या आत लॅबमधल्या त्यांच्या टेबलावर आलं पाहिजे. बारानंतर आलं तर सही मिळायची, प्रॅक्टिकलला बसता यायचं, पण जर्नलचे पाच मार्क शून्य. आणि दुसरीचं बघून उतरवलेलं सापडलं तर सहीच नाही. सही नाही म्हणजे प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नाही म्हणजे बारावीचं वर्ष गेलं.

सर वाईट होते असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडायला उठेन. नव्वद सालानंतरची ती वर्षं. कोल्हापुरात तेव्हा कुठलंही काम ओळखीवर निघायचं, आणि आता काय वेगळं आहे म्हणा. तू कुणाचा कोण हे आधी विचारायचं, मग अर्ज बघायचा. सरांकडं ते चालत नव्हतं. आमच्या आदल्या वर्षी संस्थेतल्याच एका बड्या माणसाच्या लेकीचं जर्नल बारा वाजून दहा मिनिटांनी आलं, तेही ड्रायव्हर घेऊन आलेला. सरांनी लाल पेनानं वर ‘लेट’ लिहिलं आणि शून्य दिलं. दोन दिवस फोन आले, चहाची बोलावणी आली, पण शून्य काही हललं नाही. ज्यांच्या बाजूनं फोन करायला कुणी नव्हतं अशा आम्हा पोरींना तेव्हा काय आनंद झाला होता! आठवडाभर आम्ही तेच बोलत होतो.

मी म्हशीवाल्यांची पोर. गल्लीत आमच्या पुढं दोन खोल्या आणि मागं चार म्हशी. आई-वडील धारा काढायचे आणि कॉलेजच्या आधी आठ-दहा घरांचा रतीब घालणं माझ्याकडं होतं. त्या आठ-दहा घरांत एक घर सरांचं. रोज सकाळी सहाला मी दुधाची किटली घेऊन त्यांच्या दारात उभी. बहुतेक वेळा काकू, म्हणजे सरांच्या बायको, भांडं घेऊन यायच्या. कधी सर स्वतः यायचे. दारात ते ‘काय गं, म्हशी बऱ्या हायत काय?’ असं मायेनं विचारायचे आणि लॅबमध्ये मात्र मला ओळखतच नाहीत असं वागायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट बरंच वाटायचं.

आणि बाकावर माझ्या शेजारी ती. ती नेसरीची. घरचं किराणा दुकान, थोडी शेती, घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. बारावी सायन्ससाठी कोल्हापुरात मावशीकडं राहायची. मावशीला ती ‘चिक्कव्वा’ म्हणायची, आणि दचकली की ‘यव्वा!’ म्हणायची. पहिल्या आठवड्यात मी तिला त्यावरून लई पिडलं. ती नुसती हसायची. मग कळलं की हिला चिडवण्यात काही मजा नाही, कारण ही चिडतच नाही. पण हात काय होता तिचा! पानाचा आडवा छेद काढायची तर त्यातली पेशी अन् पेशी मोजून घ्यावी. पेन्सिलीला टोक करण्यात तिचा जेवढा वेळ जायचा तेवढ्यात माझा अख्खा प्रयोग लिहून व्हायचा, म्हणजे मी लिहायला बसले तर.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. तेव्हा मेडिकलला वेगळी परीक्षा नव्हती. बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे मार्क जोडायचे आणि त्यावर नंबर लागायचा. एकेका मार्कावर पोरं रांगेनं उभी असायची. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, सरकारी कॉलेजात नंबर लागला तर शीक, नाहीतर गडहिंग्लजला बीएस्सी कर, घराजवळ राहशील. त्यामुळं वहीच्या मागच्या पानावर ती सारखी बेरजा करायची. इथं इतके पडले, तिथं तितके पडले, तर नंबर लागतो. जर्नलचे पाच ती न विचारता धरायची, कारण ते पाच तर हातातलेच होते. मला काय, मला पास व्हायचं होतं.

आमच्या वर्गात जर्नल फिरायचं. पाच-सहा पोरी स्वतः प्रयोग लिहायच्या, बाकी आम्ही उतरवायचो. हुशार पोरीचं जर्नल तिच्या घरी कमी आणि दुसऱ्यांच्या घरी जास्त असायचं. त्याला आम्ही कॉपी म्हणत नव्हतो. कॉपी म्हणजे परीक्षेत करतात ती, हे आपलं उतरवणं. त्याचंही शास्त्र होतं, सिनियर पोरींनी शिकवलेलं. रीडिंग जसंच्या तसं घ्यायचं नाही, शेवटचा आकडा बदलायचा. आकृतीतल्या नावांचा क्रम फिरवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ जर्नल आणि उतरवलेलं जर्नल सरांच्या गठ्ठ्यात शेजारी शेजारी जाऊ द्यायचं नाही. मधी किमान दहा जर्नलं पाहिजेत. शेजारी आली की सरांच्या डोळ्यांत दोन्ही आकृत्या एकदम भरतात, आणि मग खेळ खलास. अजून एक सांगितलं होतं, सापडलं तर घेणारी आणि देणारी दोघींनाही सर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. असं नक्की कुणाचं झालं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. पण आम्ही सगळ्या ते खरं धरूनच चालायचो.

जमा करायच्या आदल्या दिवशी माझे अकरा प्रयोग राहिले होते. मी सगळ्यांना म्हशीचं कारण सांगत होते. एक म्हैस व्यायली होती हे खरं, पण अकरा प्रयोग राहायला म्हैस अकरा वेळा व्यायला पाहिजे. आळस, दुसरं काही नाही. तिचं जर्नल मात्र आठवडाभर आधीच पूर्ण झालं होतं, कव्हर घालून, अनुक्रमणिका लिहून तयार.

“उद्या सकाळी आल्या आल्या देतो,” मी म्हटलं. आमच्याकडं पोरीसुद्धा ‘देतो, येतो’च म्हणतात.

“विसरशील बघ.”

“तुझं जर्नल विसरीन व्हय मी? माझा जीव अडकलाय त्यात.”

“आणि माझा न्हाय काय?” ती हसत म्हणाली आणि जर्नल माझ्या हातात दिलं.

संध्याकाळी बसून नऊ प्रयोग उतरवले. सकाळी रतीब घालून आल्यावर उरलेले दोन. साडेदहाला कॉलेजात पोहोचले ती सरळ लॅबमध्ये गेले आणि माझं जर्नल टेबलावर ठेवलं. सरांनी मनगटातलं घड्याळ काढून समोर ठेवलं होतं, शेजारी रजिस्टर. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं, वर बघितलंसुद्धा नाही. हुश्श करत वर्गात आले तर ती दारातच वाट बघत होती.

“दे की,” ती म्हणाली.

“थांब जरा. आत्ताच माझं ठेवून आलोय. लगेच तुझं गेलं तर शेजारी येईल.”

“येऊ दे. मला धाकधूक व्हायलीया.”

“येडी हाईस काय? दोघी मरू. दहा-बारा जाऊ देत मधी. बारापर्यंत वेळ हाय की.”

ती स्वतःचं जर्नल मागत होती आणि मी देत नव्हते. माझ्या दप्तरातच होतं, हात घालून काढायचं आणि द्यायचं, एवढंच होतं. भीती माझी होती. आकृत्या तिच्या हातच्या, सापडले असते ती मीच. पण मी ती भीती दोघींची म्हणून तिच्या गळ्यात घातली. तिनं ऐकलं.

तेवढ्यात फिजिक्सच्या लॅबमधून बोलावणं आलं, प्रॅक्टिकलच्या बॅच वाचून दाखवणार होते. तिनं सवयीनं आपलं दप्तर खांद्याला अडकवलं. माझं दप्तर जड, मी बाकावरच ठेवलं. परत आलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते आणि वर्गाला कुलूप होतं.

दारात शिपाईमामा स्टुलावर बसले होते. दुपारी दहावीची पूर्वपरीक्षा होती. त्यासाठी आमचा वर्ग घेतला होता आणि पेपरचे गठ्ठे आत आणून ठेवले होते.

“मामा, दप्तर आत हाय. एक मिनिट उघडा की.”

“पेपर हायत आत. एक वाजता सुपरवायझर आले की उघडतो.”

“मामा, तुमच्यासमोर घेतो. तुम्ही स्वतः काढून द्या हवं तर. तिसरा बाक.”

“पोरी, उद्या पेपर फुटला म्हणून कुणी बोंब मारली तर माझी नोकरी जाईल. तू येणार हाईस काय आमच्या घरात भाकरी घालायला?”

मामांचं काही चुकलं नव्हतं. मी हातापाया पडले, ओरडले, तुमची तक्रार करीन म्हटलं. ते ढिम्म. सुपरवायझरांना विचारावं तर ते जेवायला घरी गेले होते. आम्ही व्हरांड्यातल्या खिडकीशी गेलो. गजांतून तिसरा बाक दिसत होता, त्यावर माझं दप्तर, आणि दप्तराच्या तोंडातून तिच्या जर्नलचं खाकी कव्हर चार बोटं वर आलेलं. मी गजातून हात घातला. खांद्यापर्यंत घातला. दोन बाकांचं अंतर होतं, हात कुठला पोहोचायला? ती नुसती उभी होती, ‘यव्वा’ पण म्हणाली नाही.

बाराला पाच मिनिटं कमी असताना ती लॅबमध्ये गेली. मी मागं, दाराच्या चौकटीत.

“सर, जर्नल वर्गात राहिलंय. वर्गाला कुलूप घातलंय.”

सरांनी तिच्याकडं बघितलं. “तुझं दप्तर तर खांद्यावर आहे.”

तिचा हात दप्तराच्या पट्ट्यावर गेला.

“मग जर्नल कुणाच्या दप्तरात आहे?”

लॅबमध्ये अजून तीन-चार पोरी होत्या. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. मी चौकटीतून पुढं गेले नाही. मला वाटलं आता ती मान वळवणार, आणि मग सगळंच संपलं. तिनं मान वळवली नाही.

“घरी राहिलं, सर,” ती म्हणाली.

“आत्ताच वर्गात म्हणालीस.”

“न्हाय सर. घरीच राहिलं.”

सर घड्याळाकडं बघत थांबले. खरंच थांबले, बारा वाजेपर्यंत. मग रजिस्टरमध्ये शेवटच्या नावाखाली लाल रेघ मारली. एक वाजता वर्ग उघडला, एक वाजून पाच मिनिटांनी तिनं जर्नल नेऊन दिलं, आणि त्या जर्नलवर, वर्गातल्या सगळ्यात देखण्या जर्नलवर, ‘लेट’ लिहिलं गेलं.

जिन्यात तिनं माझा हात धरला. मला वाटलं आता रडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तू काय बोलू नको,” ती म्हणाली. “बोललीस तर दोघींचं वर्ष जाईल. पाच मार्क गेले तर गेले. बाकीत भरून काढतो.”

“व्हय,” मी म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याची लाज त्याच क्षणी वाटली. पण लाजेपेक्षा सुटकाच मोठी होती, हे खोटं कशाला बोलू?

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. प्रॅक्टिकलला दहा-बारा दिवस होते. ती रोज शेजारी येऊन बसायची. डब्यातली शेंगदाण्याची चटणी निम्मी माझ्या झाकणात काढायची, आधी काढायची तशीच. बेरजा पण करायची, मागच्या पानावर, फक्त आता पाच कमी धरून. मला तिचा राग यायला लागला. खरंच सांगते, संताप यायचा. अगं भांड की माझ्याशी! बोलायचं बंद कर, बाक बदल! पण नाही. त्या बाकावर मला कोंडल्यासारखं व्हायचं. उठून दुसरीकडं बसावं तर लोक विचारणार का, आणि बसावं तर ही चटणी.

आणि सकाळी सहाला सरांचं दार. किटली घेऊन उभी राहायची, कडी वाजवायची, आणि काकू येऊ देत असा मनात धावा करायची. काकू आल्या की दूध मापून पळत सुटायची. वडिलांना म्हटलं, सरांचं घर दुसऱ्या कुणाला सांगा, माझा अभ्यास बुडतो. वडील म्हणाले, “वाटेवरचंच घर हाय की, तिथं काय अभ्यास बुडतोय?”

एका रविवारी सर दारातच पायरीवर पेपर वाचत बसले होते. काकू आत. पळायला वाट नव्हती. मी दूध मापायला लागले आणि तोंडातून निघून गेलं.

“सर, तिचे पाच मार्क गेलेच काय?”

“गेले.”

“सगळ्यात चांगलं जर्नल हाय सर तिचं.”

“ते मला कळत नाही होय?” सरांनी पेपर खाली ठेवला. “शून्य टाकताना मला बरं वाटलं असेल का? पण हिला आज दिले की उद्या फोन सुरू होतील. नियम मोडला की त्याचा फायदा फोनवाल्यांच्या पोरींना होतो. तुम्हा पोरींना नाही.”

मी मान हलवली. ते खरंच होतं.

“आणि जर्नल घरी नव्हतं,” सर म्हणाले. “कुणीतरी उतरवायला नेलं होतं. ती नाव सांगत नाही. ते नाव कळलं तर तिचे पाच मार्क मी आज देतो. उशीर तिनं केलेलाच नाही.”

“पण सर, देणारीला पण तुम्ही बसू देत न्हाय म्हणं.”

सर हसले. “कोण म्हणतं? देणारीनं तर स्वतःचं काम केलेलं असतं. तिला कसली शिक्षा? सही थांबवतो ती घेणारीची. परवा मार्कांची यादी बंद करून पाठवणार आहे, तोवर कळलं तर बघू.”

भांडं भरलं होतं, तरी मी ओततच होते. दूध पायरीवर सांडलं. सर माझ्याकडं बघत होते. त्यांना ठाऊक होतं का? अक्षरावरून, आकृत्यांवरून, मी हा प्रश्न विचारला त्यावरून? मला आजही वाटतं की ठाऊक होतं आणि ते मला दोन दिवस देत होते. कदाचित तसं काही नसेलही.

घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आता ‘दोघींचं वर्ष’ राहिलं नव्हतं. आता होतं माझं वर्ष की तिचे पाच मार्क. सांगितलं तर ती सुटते आणि मी बुडते. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. सर जे बोलले ते मी तिला नुसतं जाऊन सांगितलं असतं तरी पुरत होतं, पुढं नाव घ्यायचं की नाही ते तिनं ठरवलं असतं. सोमवारी ती शेजारी येऊन बसली. मी तिच्याकडून चटणी घेतली आणि सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी मी ठरवून गेले. वाक्य पाठ केलं होतं, ‘सर, ते जर्नल माझ्या दप्तरात होतं.’ सरच आले. भांडं पुढं केलं. मी माप ओतलं, तोंड उघडलं, आणि म्हटलं, “सर, दूध पातळ तर लागत न्हाय न्हवं?”

“नाही गं,” सर म्हणाले. “चांगलं असतं.” ते थोडे थांबले, मग आत गेले. त्या दिवशी यादी गेली.

प्रॅक्टिकल झालं, परीक्षा झाली, निकाल लागला. ती कॉलेजात दुसरी आली. मेडिकलची यादी लागली त्यात तिचं नाव नव्हतं. सरकारी कॉलेजचा शेवटचा नंबर जिथं थांबला तिथून ती तीन मार्कांनी मागं होती. पाच हातात असते तर दोन मार्क पुढंच असती. तिनं मला हे स्वतः येऊन सांगितलं, आमच्या गोठ्याच्या दारात उभी राहून, आणि म्हणाली, “जाऊ दे, नशीब.” वडील येऊन तिला नेसरीला घेऊन गेले. गडहिंग्लजला बीएस्सी झाली, मग लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि तिथल्याच एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायला लागली. मी कोल्हापुरातच बीएस्सी, बीएड केलं आणि दैव बघा, बायोलॉजीचीच शिक्षिका झाले.

दोन हजार सालानंतर मी ज्युनियर कॉलेजला शिकवायला लागले तेव्हापासून दर वर्षी जानेवारीत स्टाफरूममध्ये हाच वाद रंगतो. उशिरा आलेलं जर्नल घ्यावं का, घेतलं तर किती मार्क कापावेत. कडक मंडळी म्हणतात, एकदा सूट दिली की पोरं डोक्यावर बसतात. त्यांचं चूक नाही, बसतात. मी एक मार्क कापते आणि सही करते. उतरवलेलं सापडलं तर त्या मुलीला समोर बसवून तेच प्रयोग परत लिहायला लावते. सगळे मला ‘ढिली मॅडम’ म्हणतात. म्हणू देत.

मी त्यांना एवढंच सांगते की शिक्षा एवढी मोठी ठेवू नका, की खरं बोलणं पोराला परवडणारच नाही. एका चुकीला अख्खं वर्ष लावलं की चूक काही थांबत नाही, पोर ती लपवायला मात्र शिकतं. हे मी तावातावानं बोलते, टेबलावर हात आपटते. पण हे बोलणं माझ्याच सोयीचं आहे, हेही मला कळतं. शिक्षा कडक होती म्हणून मी गप्प बसले, असं म्हणताना बरं वाटतं. त्याच कडक नियमाखाली, त्याच टेबलासमोर, अठरा वर्षांची दुसरी एक मुलगी उभी होतीच की. तिला कोण म्हणालं होतं माझं नाव गिळ म्हणून?

काही वर्षांपूर्वी तिनं गडहिंग्लजला घर बांधलं आणि वास्तुशांतीला मला बोलावलं. आमचं जाणं-येणं तुटलं नव्हतं. राखी पौर्णिमेला, दिवाळीला तिचा फोन असतोच, मी टाळत राहते आणि ती करत राहते. एसटीनं गेले. घर छान होतं, दोन मजली, लेकीला वेगळी खोली. जेवायला पंगत बसली तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरात स्वतःजवळ बसवून घेतलं. सासूबाई होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, करत होत्या. नवरा आणि लेक दारात उभे होते.

“हीच काय ती?” नवऱ्यानं विचारलं. “दूधवाली मैत्रीण?”

“हीच,” ती म्हणाली, आणि लेकीकडं वळली. लेक त्याच वर्षी अकरावी सायन्सला गेली होती. “मघाशी सांगत होतो बघ तुला. माझं जर्नल हिच्याकडं अडकलंतं. आमच्या सरांचा नियम असा, कळलं तर देणारी-घेणारी दोघींचं वर्ष खलास. आणि हिला तर रोज सकाळी त्याच सरांच्या दारात जायला लागायचं, दूध घालायला. दुसरी कोण असती तर भिऊन बोलून मोकळी झाली असती.”

“अगं, राहू दे की आता ते,” मी म्हटलं.

“का राहू दे? लई भ्यालतो मी तेव्हा. रोज वाटायचं, आज ही सांगून टाकणार, हिला सहन होणार न्हाय. पण माझ्यासाठी ओठ दाबून गप्प बसली ही. नाहीतर माझी बारावीच झाली नसती, मग कुठली नोकरी आणि कुठलं हे घर?” तिनं सासूबाईंच्या हातून गरम होळगी घेतली, माझ्या ताटात वाढली, वर तूप सोडलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. “तुला कधी म्हटलं न्हाय मी. पण लई उपकार झाले गं तुझे.”

लेक माझ्याकडं बघत होती, आईसारखेच मोठे डोळे.

मी म्हटलं, “उपकार कसले त्यात.”